परतीची रेषा

एअर रेस क्लासिक या अमेरिकेतल्या विमानशर्यतीत घड्याळ जमिनीवर थांबतं. टप्प्याच्या विमानतळावर आखून दिलेल्या रेषेवरून विमान कमी उंचीवर नेलं, की त्या टप्प्याची वेळ नोंदली जाते. मग उतरून तासभर थांबा नाहीतर रात्रभर, गुण कमी होत नाहीत. प्रत्येक विमानाला त्याच्या ताकदीप्रमाणे एक वेग ठरवून दिलेला असतो. जमिनीवरून मोजलेला तुमचा वेग त्याच्या किती वर गेला, एवढंच धरतात. म्हणून आमच्या १८० अश्वशक्तीच्या सेसना १७२लाही इथे पहिलं यायची संधी असते. पाठीमागचा वारा कधी आणि किती उंचीवर मिळेल हे ज्यांना कळतं, त्या पुढे जातात.

फक्त स्त्रियांच्या या शर्यतीचं मूळ १९२९मध्ये आहे. त्या वर्षी सँटा मोनिकाहून क्लीव्हलंडला निघालेल्या वैमानिकांत अमेलिया इअरहार्ट होती. ती तिसरी आली, लुईझ थेडन जिंकली आणि मार्व्हल क्रॉसन अॅरिझोनात विमान कोसळून गेली.

नियम टप्प्याच्या विमानतळावर थांबणाऱ्याला शिक्षा करत नाहीत, तरी लोक वाईट हवेत का शिरतात? मला वाटतं, याचं उत्तर शेवटच्या दिवसात आहे. सुमारे २,४०० मैल, चार दिवस, फक्त दिवसाउजेडी, नजरेने दिसेल अशाच हवेत, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पोहोचायचं. महिना जूनचा. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा वर सरकते, मैदानी मुलूख तापतो आणि दुपारनंतर ढग चाळीस-पन्नास हजार फुटांपर्यंत चढतात. आमचं विमान फार तर चौदा हजारांपर्यंत जाणार. वरून जायचा प्रश्नच नाही; बाजूने जायचं किंवा थांबायचं.

नेब्रास्कावरून जाताना आमच्यावर ही वेळ आली. तिसरा दिवस होता, दुपार उलटली होती, आणि पाठीमागून असा वारा होता की त्या टप्प्यात आम्ही नक्की वर आलो असतो. टॅब्लेटवर दोन वादळांच्या मधे रुंद, स्वच्छ पट्टा दिसत होता. काचेतून मात्र तिथे निळसर काळं दिसत होतं. ढगांचा तळ खाली येत होता, म्हणून आम्हीही थोडं थोडं खाली येत होतो. दर वेळी फक्त शेदोनशे फूट. त्यामुळे कुठलंही एक पाऊल मोठं वाटत नव्हतं. धोका अशाच पावलांनी जवळ येतो.

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी आम्ही दोघींनी मांडीवरच्या पॅडवर तीन ओळी लिहिल्या होत्या. तळ जमिनीपासून दोन हजार फुटांखाली आला, पाच मैलांपलीकडचं दिसेनासं झालं, किंवा ढग चुकवायला दुसऱ्यांदा दिशा बदलावी लागली, तर मागे वळायचं. आणि दोघींपैकी एकीने ‘परत’ म्हटलं, तर दुसरीने कारण विचारायचं नाही, चर्चा उतरल्यावर. माझ्या जोडीदाराने तो शब्द उच्चारला आणि मी विमान वळवलं. मागे राहिलेल्या एका छोट्या धावपट्टीवर उतरून दोर बांधत होतो, तेवढ्यात वाऱ्याने दिशा बदलली. वळवाच्या पावसाआधी गावाकडे धुळीचा लोट येतो, तसा लोट शेतांवरून आला आणि पंख हादरले. पाऊस अजून लांब होता. कोसळत्या पावसाखालची थंड हवा जमिनीवर आपटून मैलोन्‌मैल पुढे धावते. त्या क्षणी उतरत असतो, तर एवढ्या हलक्या विमानाला सावरणं कठीण होतं. टप्पा गेला, कारण दोन रेषांच्या मधे उतरलं तर घड्याळ चालूच राहतं.

आता त्या स्वच्छ पट्ट्याविषयी. पडद्यावरचं रडारचित्र अनेक फेऱ्या एकत्र करून बनवतात, मग ते तुमच्यापर्यंत पोहोचतं. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१२मध्ये इशारा दिला होता, की पडद्यावर एक-दोन मिनिटांपूर्वीचं म्हणून दिसणारं चित्र प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं जुनं असू शकतं. तेवढ्या वेळात दोन वादळं एक होतात. ते चित्र टप्पा निवडायला वापरा, फट शोधायला कधीही नाही. तीव्र वादळापासून किमान वीस मैल दूर राहायचं, हा नियम शर्यतीतही तसाच लागू आहे.

ढगात शिरल्यावर बघू, असं म्हणणाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठातला १९५४चा प्रयोग आठवावा. यंत्रांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचं दिसेनासं केलं. ताबा जायला सरासरी १७८ सेकंद लागले. आणि त्याच लोकांना यंत्रांकडे बघत सावकाश मागे वळायला शिकवलं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांना ते जमलं. गोंदियाला, बारामतीला किंवा अमेरिकेत विमान उडवायला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: हे वळण प्रशिक्षकाला सोबत घेऊन, डोळ्यांवर झापड लावून, हाताला सवय होईपर्यंत करा.

इंधनाचंही तसंच. दिवसाच्या उड्डाणाला कायद्याने अर्ध्या तासाचा साठा पुरतो. आम्ही दीड तासाचा ठेवतो. टाकी हलकी असली की मागे वळणं हाही एक धोका वाटू लागतो, आणि मग माणूस पुढेच जात राहतो.

शर्यतीत उतरणार असाल तर पहिल्या दोन दिवसांत पहाटे निघून शक्य तेवढे टप्पे उरका. सकाळची हवा शांत असते आणि थंडही. शायेनसारखं ठिकाण सहा हजार फुटांवर आहे. तिथे बत्तीस अंशांच्या दुपारी विमान साडेनऊ हजारांवर असल्यासारखं जड उडतं, धावपट्टी संपत आली तरी उचलत नाही. आधी कमावलेला अर्धा दिवस शेवटी वादळ ओसरेपर्यंत थांबायला उपयोगी पडतो. शेवटच्या मुक्कामावर घरची माणसं फुलं घेऊन उभी असतात. त्यांना निघण्याआधीच फोनवर सांगून टाका, की पाचपर्यंत येऊ किंवा दुसऱ्या दिवशी येऊ, किंवा वेगळ्याच गावाहून फोन करू, आणि त्यांच्याकडून ‘चालेल’ असं ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका.