करार किती, यापेक्षा काम किती?

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांवर कंपन्यांच्या बोधचिन्हांची दाटी असते. 'इतक्या उद्योगांशी सामंजस्य करार' हे वाचून पालकांना धीर येतो. पण असा करार म्हणजे नोकरीची हमी नव्हे. कित्येकदा त्यातून वर्षाकाठी एखादं व्याख्यान आणि एक कारखानाभेट एवढंच पदरात पडतं. करार खरा असेल, तर तो वेळापत्रकात आणि गुणपत्रिकेत दिसतो.

पिलानीच्या 'बिट्स'मध्ये १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालतं. दुसऱ्या वर्षानंतर सुमारे दोन महिने आणि शेवटच्या वर्षी साधारण साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगात किंवा संशोधन संस्थेत काम करतात आणि त्या कामाचे श्रेयांक मिळतात. १९३३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) या संस्थेने, म्हणजे जुन्या यूडीसीटीने, रसायन उद्योगाशी नातं जोडत नाव कमावलं. २०१८ मध्ये तिने इंडियन ऑइलच्या साथीने भुवनेश्वरला केंद्र उघडलं.

नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला नाही, तरी वाट बंद होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत 'ओजेटी', म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आलं आहे. शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी यूजीसीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पदवी किंवा पदविका झाल्यावर 'नॅट्स' या केंद्रीय योजनेत विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते.

महाविद्यालयात गेल्यावर एवढं विचारा:

• विद्यार्थी कंपनीत सलग किती आठवडे असतो? त्याचे श्रेयांक किती?
• काम कोण तपासतं? कंपनीतला मार्गदर्शक गुण देतो का?
• जागा महाविद्यालय मिळवून देतं, की मुलांनी स्वतः शोधायची?
• विद्यावेतन मिळतं, की उलट 'प्रशिक्षण शुल्क' भरावं लागतं?
• गेल्या वर्षी किती मुलं गेली आणि त्यांनी नेमकं काय केलं?

अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या गरजेनुसार बेतलेला असेल, तर जरा थांबा. आजचं सॉफ्टवेअर किंवा यंत्र उद्या बदलेल. गणित, मूळ विज्ञान आणि नीट लिहिता-बोलता येणं कुठेही उपयोगी पडेल. उद्योगातलं काम आणि हा पाया, या दोन्हींचा तोल अभ्यासक्रमात आहे का, ते पाहा.

उत्तरं गोलमोल मिळाली, तर शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून त्यांचे प्रकल्प अहवाल पाहायला मागा. आणि हे प्रश्न पालकांनी नव्हे, मुलांनीच विचारावेत. उद्या कंपनीत काम समजून घेताना त्यांनाच तोंड उघडायचं आहे.