केलेले जाणावे, आणि बोलून दाखवावे

वारकरी सज्जनहो, संस्कृतात ‘कृतज्ञ’ आणि ‘कृतघ्न’ असे दोन शब्द आहेत. दोहोंत ‘कृत’ सारखेच. म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले. ते जाणतो तो कृतज्ञ, त्याचा घात करतो तो कृतघ्न. आता घाताला शस्त्रच लागते असे नाही. घेतले, आणि एक शब्द न बोलता पुढे चालते झाले, की झाला घात!

येथे कोणी शंका घेईल, ‘महाराज, सेवा निष्काम असावी. वाखाणले की सेवेकऱ्याला अहंकार चढतो. मग गप्प राहिलेले काय वाईट?’ शंका रास्त आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानालाच सात्त्विक म्हटले आहे. पण नीट पाहा. हा धर्म देणाऱ्याला सांगितला. घेणाऱ्याने मुकाट राहावे, असे तेथे कुठे आहे?

संतांची रीत पाहा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे ग्रंथाचे वर्ष येते, आणि तेथेच सच्चिदानंदबाबांनी आदराने लेखन केले, याचीही नोंद आहे. जनाबाईंच्या नावे असलेल्या एका अभंगात तर संतांच्या लेखनिकांची मालिकाच आहे. सावता महाराजांचे बोल काशिबा गुरवाने लिहिले, चोखोबांचे अनंतभट्टाने. मुखातून निघालेला शब्द वाऱ्यावर जायचा. लिहून घेणारा हात होता म्हणून तो टिकला. हे हात कोणाला दिसले? नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंना!

मात्र खुशामत वेगळी आणि गुणगौरव वेगळा. खुशामत काही मिळावे म्हणून होते. ज्याच्याकडून आता काहीच मिळायचे नाही, त्याला बोललेला चांगला शब्द निर्मळ. कीर्तन संपल्यावर बुवांच्या पाया पडायला गर्दी होते. दोन तास उभ्याने साथ करणाऱ्या टाळकऱ्याला कोण विचारतो? पाण्याचा टँकर आणणारा, पालखी पुढे गेल्यावर तळ झाडणारा, पहाटे चुलीपुढे धुरात बसलेली बाई, यांना आपण ‘माउली’ म्हणतो खरे. पण तो शब्द मोघम राहू नये. ‘माउली, तुमची गरम भाकरी मिळाली, पायांचा शीण गेला,’ असे नेमके सांगावे. आणि हयातीतच सांगावे. गेल्यावर गायिलेले गुण त्याच्या कानी पडत नाहीत.

शेवटी घरचे. आषाढी वारी ऐन पेरणीच्या दिवसांत येते. आपण टाळ घेऊन निघतो, तेव्हा मागे कोणी भाऊ पाभर धरतो, कोणी सून गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळते. परत आल्यावर आपण प्रसाद वाटतो, वारीच्या गोष्टी सांगतो. त्याआधी त्यांना जवळ बसवून म्हणावे, ‘बाबांनो, तुम्ही घर सांभाळले म्हणून मला पंढरी घडली.’ एवढे बोलायला जीभ जड होत असेल, तर अहंकार त्यांचा नव्हे, आपला तपासावा.

रामकृष्णहरि.