चांदीचा पडघम

संग्रहालयांतील जुनी वस्तु पाहून आपण थक्क होतों. परंतु ती वस्तु खरोखर कशाची साक्ष देते, हा प्रश्न क्वचितच विचारतों. तो कसा विचारावा, हें आम्ही एका उदाहरणानें दाखवितों.

इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. तोफाबंदुकांच्या गर्जनेंत सेनानायकाचा शब्द ऐकूं येत नसे. म्हणून पडघमाच्या ठराविक ठोक्यांनीं हुकूम पोहोंचवीत. छावणींत उठणें, जमणें व निजणें हींही त्याच्याच इशाऱ्यावर होत. लांकडी घेराच्या दोन्ही तोंडांवर कातडें मढवून तें दोऱ्यांनीं ताणीत व खालच्या कातड्यावर तांत लावीत. तिच्यामुळें ठोका खणखणीत होई. हें काम पुष्कळदां अल्पवयी मुलांकडे असे.

मिशिगन संस्थानच्या आठव्या पलटणींतील रॉबर्ट हेंडरशॉट हा असाच एक मुलगा. ता. ११ डिसेंबर १८६२ रोजीं फ्रेडरिक्सबर्ग येथें रॅपहॅनॉक नदीवर तरता पूल बांधणाऱ्यांवर पैलतीरावरून गोळ्यांचा वर्षाव झाला, तेव्हां सातव्या मिशिगन पलटणीचे शिपाई होड्यांतून पार गेले. एका होडीला धरून हा मुलगाही गेला आणि तोफगोळ्याच्या तुकड्यानें त्याचा पडघम फुटला, अशी कीर्ति पसरली. तीवरून न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्राकडून त्याला चांदीचा पडघम नजर करण्यांत आला.

पुढें १८९१ सालीं डेट्रॉइट येथें जुन्या सैनिकांचें संमेलन भरलें. त्या वेळीं सातव्या पलटणीच्या वृद्ध शिपायांनीं हा मान हेंडरशॉटचा नसून आपल्या जॉन स्पिलेनचा आहे, असें सांगितलें. मोठा वाद माजला.

मग चांदीचा पडघम काय सांगतो? देणाऱ्यांनीं त्या मुलाला वीर मानिलें, एवढें तो निःसंशय सांगतो. नदीकांठीं काय घडलें, हें तो सांगूं शकत नाहीं. कारण तो त्या दिवसानंतर हातीं आलेला आहे.

यास्तव स्मृतिचिन्ह पाहतांना विद्यार्थ्यांनीं तीन प्रश्न विचारावे: तें कोणीं दिलें? केव्हां दिलें? आणि प्रत्यक्ष पाहणारे काय म्हणतात? एकाचा मान चुकून दुसऱ्यास दिला, तर ज्याचा तो असेल त्याच्यावर अन्याय होतो. आणि पुरावा न पाहतां कोणास खोटा ठरविलें, तरीही अन्यायच होतो. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा इतिहासाच्या अभ्यासकासही बंधनकारक आहे, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.