पोटातली आग: गोळी देण्याआधी एक प्रश्न



या अंकातील आरोग्याचा धडा माझ्याच चुकीतून आलेला आहे. सुरगाणा आणि पेठकडच्या पाड्यांवरची माणसे द्राक्षांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे जातात. पहाटे कोरा चहा घेऊन जीपमध्ये बसायचे, भाकरी दुपारी. अशी एक बाई मला म्हणाली, "ताई, अंग लई दुखतं. गोळी दे ना." माझ्या पेटीत दानात आलेल्या वेदनाशामक गोळ्या होत्या. मी अख्खी पट्टी दिली. ती जेवते केव्हा, हे विचारलेच नाही.

तीन आठवड्यांनी तिच्या बेंबीच्या वर आग पडू लागली. लोक म्हणाले, "पित्त झालंय." तिने सोडा घेतला. मग शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले. रुग्णालयात दुर्बिणीने तपासले, तेव्हा जठराला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज व जखम आढळली. रक्त चढवावे लागले. देवाच्या कृपेने ती बरी झाली. पण त्या पट्टीचा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

हे का होते?
जठरात अन्न पचवणारे तीव्र आम्ल असते. आतल्या अस्तरावर चिकट थर असतो, तो आम्लापासून रक्षण करतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या गोळ्या वेदना कमी करतात, पण हे संरक्षणही कमकुवत करतात. दारू अस्तराला इजा करते. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः हा जंतू पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. या शोधाबद्दल त्यांना व डॉ. रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिखटाने त्रास वाढू शकतो, पण मूळ कारण अनेकदा हा जंतू किंवा गोळ्या असतात.

काय करावे?
• वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच, जेवणानंतर व थोडेच दिवस घ्यावी. जेवणानंतर घेतली म्हणजे धोका पूर्ण टळला असे नाही. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.
• जंतू आढळल्यास प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध साधारण १४ दिवस असते. बरे वाटले तरी अर्धवट सोडू नये.
• आम्ल कमी करणारी गोळी बहुधा जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात.
• कामावर निघताना निदान अर्धी नागलीची भाकरी खावी. दारू, तंबाखू व मिश्री सोडावी.
• काळे शौच, रक्ताची उलटी, वजन घटणे, गिळताना अडकणे असे दिसल्यास थांबू नये. रक्त जात असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून त्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे.
• छातीत दाटून घाम सुटला, तर ते पित्त समजू नये. हृदयविकार असू शकतो.

पौलाचा सल्ला
मंडळीत कोणी मला १ तीमथ्य ५:२३ दाखवून विचारतो, "पोटासाठी थोडी घेतली तर काय बिघडलं?" त्या वचनात मला पौलाची एका आजारी सहकाऱ्याविषयीची काळजी दिसते. त्या काळी हाताशी होते तेच त्याने सुचवले. आज सुजलेल्या पोटाला दारू अपायकारक आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ती काळजी आपण शुद्ध पाणी, योग्य तपासणी व वेळेवर जेवण यांतून दाखवू या.

आपल्याला विनंती
घरात उरलेल्या वेदनाशामक गोळ्या कृपया पाठवू नका. आजाऱ्याला रुग्णालयात नेण्याच्या जीपभाड्याला हातभार लावलात, तर त्याचा अधिक उपयोग होईल. आणि आपल्या घरी कामाला येणारी बाई अंगदुखीची गोळी मागेल, तेव्हा आधी एवढे विचारा: "बाई, आज जेवलीस का?"

तो प्रश्न मी विचारायला विसरले होते. आता प्रत्येक पाड्यावर तोच आधी विचारते.