गिऱ्हाईक आधी की कर्ज आधी?

(शास्त्रभाग : २ राजे ४:१–७, लूक १४:२८–३०, नीतिसूत्रे ६:१–५)

पांढुर्णा व सौंसर हा भाग छिंदवाड्यापासून वेगळा होऊन २०२३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासून आमच्या मंडळ्यांतील तरुणांमध्ये धंद्याच्या गोष्टी अधिक ऐकू येतात. कोणी संत्र्याचा रस बाटल्यांत भरून नागपूरला पाठवू म्हणतो, कोणाला कलमांची रोपवाटिका काढायची आहे, भगिनीमंडळात पापड-मसाल्यांचा विचार चालतो. हे सर्व चांगले आहे. मात्र बोलण्याच्या आरंभी प्रश्न बहुधा एकच असतो, कर्ज कोठून मिळेल? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, ज्याने आईबापांची झोप उडते : राहते घर गहाण टाकावे काय?

प्रौढ वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी या पाठात तिसराच प्रश्न आधी घ्यावा. आपला माल कोण घेणार आहे?

प्रथम २ राजे, अध्याय ४ उघडावा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येते. नवरा गेला, देणे राहिले, आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला आहे. अलीशा तिला पैसे देत नाही. घरात काय आहे, असे तो विचारतो. तेलाची एक कुपी आहे. मग ती शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणते. येथे वर्गाला थोडे थांबवावे. तिने उसनी आणली ती भांडी. पैसा उसना आणला नाही. आपण शिकवताना तेल वाढले या चमत्कारावर इतके बोलतो की सातवे वचन घाईत वाचून टाकतो. त्या वचनात संदेष्टा तिला साधा व्यवहार सांगतो : तेल विकावे, आधी देणे फेडावे, आणि उरेल त्यावर मायलेकरांनी गुजराण करावी.

आता आपल्या मराठी मुलखाकडे वळू. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात एक गरीब मुलगा दरमहा दोन रुपयांवर टाइप घासण्याचे काम करीत असे. त्याचे नाव जावजी दादाजी, जन्म १८३९. पुढे तो इतर छापखान्यांतूनही राबला. १८६४ साली त्याने स्वतःचा लहानसा टाइपांचा कारखाना काढला, आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या सुबक संस्कृत-मराठी पुस्तकांची कीर्ती सर्वदूर पसरली. टाइप कापणारा राणोजी रावजी आरू हा कसबी मित्र त्याच्या जोडीला होता. क्रम पाहा. आधी बरीच वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम, मग छापखान्यांना लागणारा माल, आणि त्यानंतर स्वतःचा छापखाना. टाइप कोणाला लागतो, कसला लागतो, कोणता लवकर झिजतो, हे त्याच्या बोटांना आधीच ठाऊक असणार. आमच्याकडील एखाद्या मुलाला पॅकिंगचा धंदा काढायचा असेल तर त्याने एक हंगाम कोणाच्या तरी संत्रा-मंडीत हमाली करण्यात कमीपणा मानू नये.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. ते थोडे विस्ताराने घेतो, कारण शेतकऱ्याला माल विकणे किती अवघड आहे हे त्यात दिसते. १८६९ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते बेळगावला भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवू लागले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायलाही शिकवायच्या. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. नांगर चांगला होता. तरी पहिले सहा नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बापजाद्यांचा लाकडी नांगर सोडून नवे अवजार घ्यायचे म्हणजे वर्षाचे पीक पणाला लावणे. अशा वेळी शेतकरी भितो, यात त्याचे काय चुकले?

या दोन वर्षांत घर कशावर चालले असेल, असे वर्गाला विचारावे. सायकलींवर! नांगर विकला नाही म्हणून चूल विझली नाही, आणि म्हणूनच त्यांना धीर धरता आला. बेळगाव नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितले तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० साली निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. कर्ज त्यांनीही घेतले, हे वर्गापासून लपवू नये. पण ते कोणत्या पायरीवर घेतले हे पाहावे. तोपर्यंत नांगर लोकांच्या शेतात चालत होता.

तिसरे उदाहरण भगिनींसाठी. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. त्याचेच पुढे 'लिज्जत' झाले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला; खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. मोठे यंत्र आणले नाही. ज्यांनी पैसे दिले त्या छगनलाल पारेख यांनी त्यांना स्वस्त हलका माल काढू नका, एकच चांगला माल ठेवा आणि हिशेब चोख लिहा असे बजावले. देणग्या घ्यायच्या नाहीत, हा नियमही त्यांनी केला. मंडळीच्या निधीकडे पाहून उद्योग आखणाऱ्या भगिनींनी यावर अवश्य बोलावे. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक सभासद भगिनी आहेत.

आता आपल्या संत्र्याकडे येऊ. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम लावले तर फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. ही गोष्ट येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, तरी बँकेचे व्याज पहिल्याच वर्षी सुरू होते हे मोठी माणसे विसरतात. आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या महिन्यांत यंत्र रिकामे उभे राहील आणि व्याज मात्र चालूच राहील. लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च काढावा असे प्रभू सांगतो. तो खर्च काढताना आमचा माणूस बहुधा यंत्राची किंमत मांडतो, पण रिकामे महिने मांडत नाही.

रसाचे तर आणखी एक आहे. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, पण तोच तापवून किंवा ठेवून दिला की कडू होऊ लागतो. बिया व पाकळ्यांच्या पापुद्र्यांत लिमोनिन नावाचा कडवट पदार्थ असतो. बी चिरडली तर कडूपणा अधिकच उतरतो. ज्याला हे शिकायचे आहे त्याने एक पेटी संत्री, घरचे पातेले आणि दहा बाटल्या घ्याव्यात. आठ दिवसांनी बाटली उघडून शेजाऱ्याला पाजावी. तो काय म्हणतो यापेक्षा दुसरा पेला मागतो की नाही, ते पाहावे. हा धडा एका पेटीत मिळतो. तोच धडा घर गहाण टाकूनही मिळतो. संत्रा बर्फीचे नागपुरात इतके नाव का झाले, याचेही उत्तर यात थोडेफार असावे. खव्याशी गर बरा मिळतो.

कर्ज मुळीच घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. दहा गिऱ्हाइके दुसऱ्यांदा माल मागायला आली की कर्जाचा विचार करावा. २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत तारण लागत नाही, आणि त्यातील शिशु नावाचे कर्ज ५० हजार रुपयांपर्यंत मिळते. एवढ्या आरंभासाठी कोणी घराचे कागद मागत असेल तर घरच्यांनी दोनदा विचार करावा.

उधारी आणि जामीन या दोन गोष्टींबद्दल मंडळीत कोणी मोकळेपणाने बोलत नाही. उपासनेत शेजारी बसणाऱ्या बंधूला नाही कसे म्हणावे? मग वही भरत जाते, गल्ला भरत नाही, आणि काही महिन्यांनी दोघेही वेगवेगळ्या बाकांवर बसू लागतात. दुकानात पाटी लावून सर्वांना सारखाच नियम ठेवलेला बरा, पाळकसाहेबांनाही तोच. जामिनाबद्दल नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात फार कडक शब्द आहेत. पाशात सापडलेल्या हरिणीप्रमाणे व पाखराप्रमाणे धडपड करून सुटका करून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. ज्याने प्रेमापोटी सही केली त्याची मुले फी भरायला पैसे नाहीत म्हणून शाळा सोडतात, तेव्हा ते प्रेम कोणाच्या वाट्याला आले? एखाद्या बंधूला खरोखर मदत करायची असेल तर शेजाऱ्यांनी त्या विधवेला भांडी दिली तशी द्यावी : दुकानासाठी ओसरी, मालासाठी सायकल, हिशेब लिहिण्यासाठी संध्याकाळचा एक तास.

पाठाच्या शेवटी वर्गातील प्रत्येकाला कागद द्यावा. जो धंदा त्याच्या मनात आहे त्याचे नाव वर लिहावे आणि खाली, तो माल पैसे देऊन घेतील अशा दहा माणसांची नावे. नातेवाईक धरू नयेत. मंडळीतील माणसे दोनपेक्षा अधिक नसावीत. ज्यांची दहा नावे भरणार नाहीत त्यांनी कागद घरी न्यावा, आठवडाभर बाजाराच्या दिवशी पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या दुकानांतून फिरावे, आणि पुढच्या रविवारी तोच कागद परत आणावा.