रातांबा लावायच्या आधी

झिला, बंद घर उघडलंस, बरं केलंस. पण परसात कुदळ घालायच्या आधी माझं थोडं ऐक.

विहिरीकडच्या गडग्याला रातांब्याची रोपं आपसूक उगवलेली दिसतील. ती जोपासायचा मोह होईल. मलाही झाला होता. सहा बिया रुजवल्या, आठ वर्षं कळशीने पाणी घातलं, आणि फुलोरा आला तेव्हा कळलं की सहातले चार नर! रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि फुलेपर्यंत रोपाकडे बघून कुणाला काही सांगता येत नाही. बियांपासून निम्मी झाडं नर निघायची, हे धरूनच चाल. म्हणून कलम आण. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ जात आहे, ती माग. आणि काडी उभ्या शेंड्याची होती का, हे रोपवाटिकेत विचारायला लाजू नकोस. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड जन्मभर आडवंच पसरतं. गडग्याचा एखादा नर मात्र ठेव, परागाला लागतो.

फळ मृगाच्या आत उतरव. पाऊस लागला की ते पाणचट होऊन सडतं, आणि सोलं वाळवायला ऊन उरत नाही. सोलांना घाई चालत नाही. साल वेगळी काढायची, गराच्या रसात मीठ घालायचं, त्यात साल बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची. आई सात पुटं द्यायची. हल्ली एकदोन पुटांत उरकलेली सोलं विकतात. ती आमटीला रंग देतात, आंबटपणाचं नाव नाही.

बिया फेकू नकोस. वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळव. तेल वर तरंगतं, ते काढून निवू दे. गोठायला लागलं की मुठीत वळायचं, म्हणून ते मुठेल. साधारण चाळीस अंशांना वितळतं, त्यामुळे नुसतं चोळून टाचेच्या भेगेत उतरत नाही. पळीत घेऊन निखाऱ्यावर धर आणि सोसेल इतकं ऊन असतानाच टाचेत सोड. आई रात्री दिवा मालवायच्या आधी हे करायची. सकाळी शेतात चिखल असायचाच.

आता औषधाचं. पुस्तकात चित्र बघून रानातलं काही तोंडात घालू नकोस. गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधींवर ग्रंथ छापला, तोसुद्धा दोघांच्या बोलण्याच्या रूपात. एक विचारतो, दुसरा सांगतो. झाड असंच शिकायचं. आपल्याकडे त्यासाठी चतुर्थीला गणपतीवर बांधायची रानफळापानांची माटवी आहे. आदल्या दिवशी आम्ही पोरं काकांच्या मागून रानात जायचो. कवंडळ, तेरडा, शेरवड, सुपारीची शिपटं, आंब्याचे टाळे. शेरवडाचं पांढरं पान आणलं की काका म्हणायचे, “ह्या पान न्हय रे, फुलाचो भाग तो.” तेव्हा खोटं वाटलं, मोठेपणी भिंगाखाली बघितलं, बरोबरच होतं.

माटवीला लागतं ते सगळं खायचं असतं, असं समजू नकोस. कवंडळ लालबुंद दिसतं, पण जहाल कडू, पोट बिघडवणारं. त्याहून वाईट कळलावी, तीच काही ठिकाणी गौरीचे हात म्हणून पूजेला घेतात. ज्वाळेसारखं फूल, पानाच्या टोकाला आकडा, आणि खाली मातीत कंद. तो कंद रताळं समजून उकडला तर माणूस दगावतो. त्यातलं कोल्चिसिन गाऊटवर देतात, पण वैद्याच्या तराजूने. कळा येण्यासाठी देत, म्हणून नाव कळलावी. त्या नावाच्या मोहात कुणी घरी प्रयोग करू नये. फूल लांबून ओळख, कंद उकरू नकोस.

तिरफळ? ते पुढच्या खेपेला. तूर्त त्याच्या खोडाला टेकू नकोस, काटे आहेत.

येत्या चतुर्थीला पोरीला घेऊन ये. कवंडळ तिच्याच हाताने माटवीला बांधू दे, आणि मग तिला विहिरीवर नेऊन हात घासून धुवायला लाव.