मुलं कुठे पडतात, ते आधी लिहून ठेवा



शाळेतल्या अपघातांचा विषय निघाला की आपण लगेच सूचना द्यायला लागतो. पळू नका, ढकलू नका, कट्ट्यावरून उड्या मारू नका. परिपाठात रोज सांगतो. मुलं एका सुरात 'हो मॅडम' म्हणतात आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की पळतातच. आता सहा-सात वर्षांचं मूल पळणारच. ते गप्प बसून राहिलं तर उलट आपण त्याच्या कपाळाला हात लावून बघतो! त्यामुळे सगळा भार सूचनांवर टाकून चालत नाही. मूल जिथे पडतं ती जागा आणि ती वेळ आपल्या हातात असते, तिथे काहीतरी करता येतं.

पण ती जागा कोणती, हे अंदाजाने सांगता येत नाही. म्हणून आमच्या शाळेत आम्ही एक साधी दोनशे पानी वही घातली. तारीख, वेळ, जागा, काय झालं, काय उपचार केला, एवढेच रकाने. 'चूक कोणाची' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो ठेवला की मुलं खरं सांगत नाहीत आणि खरं सांगायचं तर शिक्षकही लिहीत नाहीत. गुडघा खरचटला तरी नोंद करायची. दोन-तीन महिन्यांनी वही चाळली तेव्हा लक्षात आलं की मैदानावर खेळताना होतं तेवढंच, किंबहुना जास्तच, इतर ठिकाणी होतं. जेवणानंतर ताट धुवायच्या नळापाशी. वर्गाच्या दारात. आणि शाळा सुटताना फाटकात.

नळापाशी कारण उघड होतं. उष्टं पाणी साचायचं, शेवाळ धरायचं आणि सगळी शाळा एकाच वेळी तिथे. आम्ही शेवाळ घासून काढलं, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवून तेवढ्या भागाचा कोबा खरखरीत करून घेतला आणि पहिली-दुसरीला पाच मिनिटं आधी जेवायला बसवायला लागलो. दारात बोटं चेमटायची ती बिजागरीच्या फटीत. वारा आला की लोखंडी दार धाडकन आपटायचं. दार उघडल्यावर अडकवायला भिंतीत एक कडी बसवली, बस. फाटकात लहान मुलं आधी आणि मोठी नंतर, मध्ये थोडं अंतर. यात खर्च किती? संयुक्त शाळा अनुदानातून सहज भागेल इतकाच.

तुमच्या शाळेत जागा वेगळ्या असतील. जिन्याची शेवटची पायरी असेल, बाकाचा वर आलेला खिळा असेल, तापलेली घसरगुंडी असेल. वही सांगेल.

एका बाबतीत मात्र नोंद होण्याची वाट बघायची नाही, ती म्हणजे स्वयंपाकाची जागा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या ठिकाणी लागलेली आग गवती छपरापर्यंत गेली आणि ९४ मुलं दगावली. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारती, आग विझवण्याची साधनं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण याबद्दल निर्देश दिले. भिंतीवर लाल नळकांडं टांगलेलं असतं, पण पिन कशी काढायची हे किती जणांना माहीत आहे? आणि रोजचा धोका गरम खिचडीच्या पातेल्याचा. वाढताना पातेलं मुलांच्या रांगेतून नेऊ नये. मुलांना ओळीत बसवून मगच ते आणावं. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरायचं. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती सांगते. डोक्याला लागलेलं मूल गप्प बसतं. शेजारच्या केंद्रातल्या एका शाळेत चौथीतल्या मुलाला खेळताना बॅट लागली. रक्त नाही, काही नाही. रागावतील म्हणून तो वर्गात येऊन मान खाली घालून बसला. नशीब की त्याच्या मित्राने बाईंना सांगितलं. बाईंनी बघितलं तर मुलगा पेंगत होता, मग उलटी झाली. त्यांनी लगेच गाडी करून ग्रामीण रुग्णालय गाठलं आणि तिथून त्याला पुढे पाठवलं. मुलगा वाचला, आता शाळेत येतो. पण मित्र बोलला नसता तर?

म्हणून डोक्याचा मार किरकोळ दिसला तरी पालकांना त्याच दिवशी कळवाच. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, थोडा वेळ जरी शुद्ध हरपली असेल तरी, यातलं काहीही दिसलं की थांबू नका, १०८ ला फोन करा. लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, तेव्हा मूल घरी असतं. पालकहो, त्या रात्री मुलावर लक्ष ठेवायचं काम तुमचं.

दाताबद्दल फार थोड्या जणांना माहिती असते. दुसरी ते चौथीतल्या मुलाचा पुढचा दात बहुधा कायमचा असतो. तो मुळासकट निघाला तर फेकू नका. मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाला धरून दुधात टाका आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे जा. तो परत बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. नाकातून रक्त आलं की आपल्याकडे मान मागे करतात. तसं करू नका, रक्त घशात जातं. मान किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरून ठेवा. हात-पाय मुरगळला, मोडल्यासारखा वाटला तर तेल लावून चोळायचं नाही. पट्टी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन बांधा आणि दवाखाना गाठा. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस. साप चावला तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही. मुलाला हलू न देता थेट रुग्णालय.

पालकांकडून दोनच अपेक्षा. मुलाला फिट येत असेल, दमा असेल, एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर जूनमध्येच वर्गशिक्षकांना सांगा, लपवू नका. मोबाईल नंबर बदलला तर तोही कळवा, ऐन वेळी बंद नंबर लागतो तेव्हा काय होतं ते आम्हालाच ठाऊक! आणि मूल घरी येऊन 'पडलो' म्हणालं की 'कशाला धावत होतास?' याआधी 'कुठे लागलं, दाखव' असं विचारा. घरी ओरडा बसला की पुढच्या वेळी ते आम्हालाही सांगत नाही.

गंभीर अपघात झालाच तर पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. दवाखान्याची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा आणि मुख्याध्यापकांकडे अर्जाची चौकशी करा.

या आठवड्यात जमलं तर प्रथमोपचार पेटी उघडून बघा. बहुतेक वेळा आत एक सुकलेलं मलम, मुदत संपलेलं आयोडीन आणि खडूचे तुकडे निघतात. गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, कात्री, हातमोजे एवढं तरी हवं. पेटीची किल्ली कपाटात नको, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके त्या दिवशी मीटिंगला गेलेले असतात.